पीएसए: ज्याची करायची त्याची नाही, नको त्याची दरवर्षी?

टिपणवही

मी ५३, दादा ७१. दोघंही बरीच वर्षं एकाच फॅमिली डॉक्टरकडे जातो. वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. निदान झालं तेव्हा ते ६४ वर्षांचे होते आणि तोवर तो हाडांत पोचला होता.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं एकत्रच गेलो. दादाच्या कागदावर डॉक्टरांनी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा संशय तपासणारी रक्ताची टेस्ट) लिहून टाकली. विचारणं नाही, सांगणं नाही. दरवर्षी लिहितात, साखर-कोलेस्टेरॉलच्या रांगेत तीही. मी म्हटलं, माझीही करू या का? तर म्हणाले, "तुला लघवीचा काही त्रास आहे? नाही ना? मग कशाला उगाच भुंगा मागे लावून घेतोस?"

घरी येऊन गाईडलाईन्स वाचायला बसलो आणि चक्रावलो. अमेरिकेतली सरकारी तज्ज्ञ समिती (यूएसपीएसटीएफ) २०१८ पासून म्हणते की ५५ ते ६९ या वयात रुग्णाशी बोलून काय ते ठरवा, ७० नंतर तपासणीच्या फंदात पडू नका. तिथल्याच युरॉलॉजिस्टांची संघटना २०२३ मध्ये म्हणते की पहिली चाचणी ४५ ते ५० मध्ये करा, घराण्यात ठळक इतिहास असेल तर ४० ते ४५ मध्येच, आणि पुढे दर २ ते ४ वर्षांनी. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या कुणीही माहिती घेऊन मागितली तर द्यायची, पण त्रास नसलेल्या माणसाकडे डॉक्टरने आपणहून विषय काढायचा नाही. तीन दारं, तीन पाट्या.

पण वडिलांना होता म्हणजे मुलाचा धोका साधारण दुप्पट, हे सगळीकडे आहे. सत्तरीनंतर हात आखडता घ्या, हेही बहुतेक सगळे सांगतात. आमच्याकडे दोन्ही नेमकं उलटं झालंय. हे आमच्याच डॉक्टरांचं की सगळीकडे असंच आहे?

लोलक

सगळीकडे. माझ्या सासऱ्यांची ८४ व्या वर्षी केली. ते अंथरुणाला खिळलेले होते हो! कुणी आणि का लिहिली, विचारलं तर एकमेकांकडे बोटं.

अधिक_उणे

धागा वाचनखूण म्हणून साठवत आहे. तुमचा प्रश्न चांगला मोजला गेलाय.

इंग्लंडमध्ये २००० ते २०१८ या काळातल्या १ कोटीहून जास्त पुरुषांच्या फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदी चाळून केलेला अभ्यास २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे १५ लाख पुरुषांची पीएसए झाली होती आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांची एकापेक्षा जास्त वेळा. आता गंमत बघा. ज्यांची पुन्हा पुन्हा झाली त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश पुरुषांचा आकडा त्यांच्या वयाच्या मर्यादेपुढे एकदाही गेलेला नव्हता. दोन चाचण्यांमधलं अंतर साधारण वर्षाचं. म्हणजे तुमच्या दादांसारखे लाखो आहेत.

अमेरिकेतल्या सर्वेक्षणांतही तोच उलटा डोंगर. पन्नाशी नुकती ओलांडलेल्यांपेक्षा सत्तरी ओलांडलेल्यांची तपासणी जास्त. २०१२ मध्ये तिथल्या समितीने 'कुणाचीच करू नका' असा निकाल दिला, तेव्हा प्रमाण उतरलं जरूर: पन्नाशीपुढच्या पुरुषांत २०१० ला सुमारे ३८%, २०१३ ला सुमारे ३१%. म्हणजे डॉक्टर ऐकतात, पण अर्धवट. आणि ऐकलं तेव्हा सरसकट ऐकलं. ज्यांना गरज होती त्यांचीही कमी झाली.

आडवा_तिडवा

एवढं संशोधन कशाला पाहिजे? लॅबचं कमिशन. विषय संपला.

अधिक_उणे

आ_ति, इंग्लंडमधल्या सरकारी व्यवस्थेत फॅमिली डॉक्टरला लॅबकडून छदाम मिळत नाही. तरी चित्र तेच. कमिशन नसतंच असं म्हणत नाही, पण ते काढून टाकलं तरी हिशोब जुळत नाही.

डॉ_मुखदुर्बळ

मी फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

पीएसएबद्दल धड बोलायचं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. आकडा वाढला तरी कॅन्सर नसू शकतो, आकडा ठीक असला तरी असू शकतो, सापडला तरी तो कधी त्रास देईलच असं नाही, आणि उपचार केले तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. हे समोरच्याला कळेल असं सांगून बघा. टिकमार्क करायला एक सेकंद लागतो. बाहेर अकरा माणसं बसलेली असतात. सत्तरीच्या गृहस्थाला "आता तुमची ही टेस्ट बंद करू" म्हटलं की त्याला ऐकू येतं "आता तुमचे किती दिवस राहिलेत". ते वाक्य मला आजवर नीट जमलेलं नाही.

दुसरं म्हणजे भीती. डॅनियल मेरेनस्टाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने २००४ मध्ये जामा या नियतकालिकात आपलीच हकीकत लिहिली. १९९९ मध्ये, शिकाऊ असताना, त्याने ५३ वर्षांच्या एका सुशिक्षित माणसाला पीएसएचे फायदे-तोटे समजावले, तसं केसपेपरवर लिहिलं. टेस्ट झाली नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरने काही न विचारता केली, आकडा खूप वर, कॅन्सर पसरलेला. खटला उभा राहिला. फिर्यादीचा युक्तिवाद काय, तर इथले बाकीचे डॉक्टर चर्चा करत बसत नाहीत, सरळ टेस्ट करतात. म्हणजे तीच रीत, आणि यानेच रीत मोडली. मेरेनस्टाइन स्वतः सुटला, पण त्याला शिकवणाऱ्या संस्थेला १० लाख डॉलरचा भुर्दंड बसला. गाईडलाईन पाळणारा चुकार ठरला!

ज्याचं निदान माझ्या हातून उशिरा झालं त्याचा चेहरा मला झोपेत दिसतो. ज्याचं विनाकारण ऑपरेशन झालं तो मात्र येऊन हात जोडतो, "डॉक्टर, तुमच्यामुळे वाचलो." मग सांगा, आमचा कल कुठे झुकणार?

टिपणवही, तुमची टेस्ट टाळणं मात्र मला पटत नाही. लक्षणं नाहीत हे टेस्ट न करण्याचं कारणच नव्हे. सुरुवातीचा कॅन्सर सहसा लक्षणं देत नाही. लघवीचा त्रास बहुतेक वेळा वयाबरोबर वाढलेल्या साध्या ग्रंथीचा असतो.

रानजाई

माझ्या नवऱ्याची गोष्ट लिहिते. वय ५८, पीएसए ४.६. रिपोर्टवर आकडा ठळक, पुढे बाण वर. डॉक्टरांनी पेनाने गोल केला, आणि तो गोल बघून आमच्या पोटात गोळा आला. आठवड्याच्या आत बायोप्सी. बारा तुकडे, कशात काही नाही. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, जंतुसंसर्ग, सहा दिवस अ‍ॅडमिट.

नंतर कळलं की टेस्टच्या तीन आठवडे आधी त्याला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. गोळ्या त्याच दवाखान्यातून घेतलेल्या! इन्फेक्शननंतर निदान सहा आठवडे पीएसए करू नये म्हणतात. आकडा वाढलेला आला तर आधी परत करून बघायची, एवढी साधी गोष्ट. पुढे तीन महिन्यांनी केली तर २.१.

कुणी विचारलंच नाही हो. मला राग टेस्टचा नाही, त्या न विचारण्याचा आहे.

सूक्ष्मदर्शी

रानजाईताई, तुमचा राग रास्त आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे नळी येते तेव्हा तिच्यासोबत नाव, वय आणि चाचणीचं नाव येतं. आधीच्या ४८ तासांत वीर्यस्खलन किंवा दणकून सायकलिंग झालंय का, सहा आठवड्यांत इन्फेक्शन किंवा बायोप्सी झालीये का, यातलं काहीही येत नाही. मग आम्ही बापडे 'संदर्भ मर्यादा ० ते ४' छापून मोकळे.

त्या ४ चीही कथा आहे. निसर्गाने कुठे अशी रेघ मारलेली नाही. २००४ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पीएसए ४ किंवा कमी असलेल्यांच्याही बायोप्सी केल्या, तर सुमारे १५% पुरुषांत कॅन्सर निघाला. आणि आकडा वाढलेल्या दर चौघांतल्या तिघांना कॅन्सर नसतो. इंग्लंडमध्ये लक्षणं असलेल्यांसाठी आता वयाप्रमाणे मर्यादा आहेत: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. आमच्या कितीतरी रिपोर्टांवर अजून ४५ वर्षांच्या माणसाला आणि ७८ च्या आजोबांना एकच ४.

युरोपातल्या युरॉलॉजिस्टांच्या सल्ल्याप्रमाणे चाळिशीला १ च्या खाली किंवा साठीला २ च्या खाली आकडा असेल तर पुढची टेस्ट आठ वर्षांपर्यंत लांबवता येते. आठ! आमच्याकडे ०.६ वाले आजोबा दरवर्षी न चुकता येतात, आणि जाताना रिपोर्ट छातीशी धरून जातात.

शंकासुर

मग ही टेस्ट हवीच कशाला? ज्याने १९७० मध्ये प्रोस्टेटमधलं प्रतिजन शोधलं त्या रिचर्ड अ‍ॅब्लिननेच २०१० मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून या सरसकट तपासणीवर कोरडे ओढले होते. जन्मदातीच म्हणते पोर वाया गेलं, तर आपण कशाला कडेवर घ्यायचं?

अधिक_उणे

कारण पोर अगदीच वाया गेलेलं नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीचे (ईआरएसपीसी, ५५ ते ६९ वयाचे सुमारे १,६२,००० पुरुष) २३ वर्षांचे आकडे २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३% कमी. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावलं तर एक मृत्यू टळला, आणि तो टाळताना १२ जणांचं जास्तीचं निदान झालं. फायदा आहे, लहान आहे आणि फार उशिरा हाती लागतो. म्हणूनच ७५ व्या वर्षी पेरून उपयोग नाही.

ब्रिटनमधल्या दुसऱ्या चाचणीत (प्रोटेक्ट) ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन, आणि नुसतं लक्ष ठेवणं. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले जेमतेम ३%. निदान झालं म्हणजे उद्याच कापाकापी, हे समीकरण तिथे मोडलं. तपासणीच्या मोठ्या अमेरिकन चाचणीचा (पीएलसीओ) तर मी उल्लेखही केला नसता, पण धाग्याच्या विषयाशी तिचं नातं आहे: 'तपासणी नको' गटातल्या बहुतेकांनी बाहेर जाऊन पीएसए करून घेतली होती. प्रयोगातसुद्धा डॉक्टर आणि रुग्ण नियम पाळेनात, मग फरक कसा दिसणार!

सूक्ष्मदर्शी

टिपणवही, मघापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. दादांना लघवीसाठी काही गोळी चालू आहे का? आणि जुने रिपोर्ट असतील तर फक्त आकडे आणि वर्षं टाका. नाव-गाव नको.

टिपणवही

चार वर्षांपासून रात्री एक कॅप्सूल घेतो. आत्ता पाकीट बघून लिहितोय: ड्युटास्टेराइड आणि टॅम्सुलोसिन.

पीएसए: गोळीच्या आधी २.६. मग १.२, १.५, १.९, आणि यंदा २.४. सगळ्यांवर खाली 'नॉर्मल' आहे. डॉक्टर यंदाही म्हणाले, उत्तम.

सूक्ष्मदर्शी

हेच वाटलं होतं. घाबरू नका, पण हे वाचून लगेच युरॉलॉजिस्टची वेळ घ्या.

ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड घेतलं की सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येते. २.६ ची १.२ झाली ती त्यामुळे. या गोळीवर असलेल्या माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा: २.४ म्हणजे ४.८ धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी चालू असताना पीएसए तळाला जाऊन तिथेच राहायला हवी. तळापासून ती खात्रीशीर वर सरकली, तर 'नॉर्मल'च्या आत असली तरी शोध घ्यावा, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. दादांची १.२ वरून २.४ झालीये, तीन वर्षांत दुप्पट. गोळी मधे बंद तर नव्हती ना, हे विचारा. आधी टेस्ट परत करा. हे निदान नाही. निदान इथे होतही नाही.

लॅबला गोळी माहीत नाही. डॉक्टरला माहीत आहे, पण तो यंदाचाच कागद बघतो. मागचे तीन घरच्या कपाटात.

टिपणवही

हातपाय गार पडले. गोळी एक दिवस चुकलेली नाही, वहिनी मोजून देते. उद्याच बघतो.

शंकासुर

थांबा, मला हे नीट समजून घेऊ द्या. नियमाप्रमाणे ७१ व्या वर्षी टेस्ट करायलाच नको होती. नियम मोडला म्हणून हे हाती लागलं. मग नियमाचं काय करायचं?

डॉ_मुखदुर्बळ

'७० नंतर नको' हा नियम काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या तपासणीचा आहे. दादांना लघवीचा त्रास होता, औषध चालू आहे. तिथे पीएसए बघणं ही पाळत झाली आणि ती योग्यच. नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत हा फरक करणं अवघड जातं, कारण आम्ही 'रात्री चार वेळा उठतो' हे ऐकतो आणि लिहीत नाही. कागदावर तो बिनत्रासाचा माणूस दिसतो.

शिवाय सत्तर ही सुद्धा काही लक्ष्मणरेषा नाही. युरोपवाले वयापेक्षा पुढची दहा-पंधरा वर्षं दिसतायत का ते बघतात. ७१ चा धडधाकट माणूस आणि ६४ चा दोन हार्ट अटॅक आलेला माणूस यांत मी पहिल्याची करीन. दादांच्या डॉक्टरांनी टेस्ट करून चूक केली नाही. केली आणि वाचली नाही, ही खरी गोम.

आडवा_तिडवा

बायडेन यांचं विसरलात का? मे २०२५ मध्ये ८२ व्या वर्षी निदान, थेट हाडांत. त्यांच्या कार्यालयाने सांगितलं की शेवटची माहीत असलेली पीएसए २०१४ ची. जगातला सगळ्यात जपलेला रुग्ण!

अधिक_उणे

नाही विसरलो. २०१४ मध्ये ते ७१ वर्षांचे होते, म्हणजे सत्तरीनंतर थांबायचा नियम जवळपास पाळला गेला असं दिसतं. एका माणसावरून ना नियम चूक ठरतो ना बरोबर. (आ_ति, पहिल्यांदाच कामाची गोष्ट लिहिलीत, नोंद घेतली आहे.)

रानजाई

टिपणवही, एक विचारू? घरात आई, बहिणी, आत्या, मावश्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? बीआरसीए२ या जनुकातला बिघाड पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढवतो, आणि तो कॅन्सर जास्त आक्रमक असू शकतो. आमच्याकडे युरॉलॉजिस्टने फक्त "वडिलांना होता का" एवढंच विचारलं. बायकांचे आजार जणू दुसऱ्याच कुठल्या घरातले.

टिपणवही

धाकट्या आत्याला होता, पंचेचाळिशीत. हे कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

टिपणवही (तीन आठवड्यांनी)

खबरबात.

दादाची टेस्ट परत केली, २.३. युरॉलॉजिस्टने पाचही रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, पाकिटावरचं गोळीचं नाव वाचलं आणि मान हलवली. आधी एमआरआय, त्यात काही दिसलं तरच बायोप्सी. एमआरआय गुरुवारी आहे. दादा शांत आहे, वहिनी नाही. आत्याचं सांगितलं, तर म्हणाले की जनुक तपासणीचं दादाचा निकाल बघून ठरवू.

फॅमिली डॉक्टरांकडे माझ्यासाठी गेलो. या वेळी ४८ तासांची पथ्यं वगैरे मीच त्यांना सांगितली. आकडा ०.८. त्यांनी सवयीने खाली 'एक वर्षाने' लिहिलं. मी म्हटलं, दोन वर्षांनी चालेल ना? थोडा वेळ बघत राहिले, मग १ चा २ केला. दादाचंही मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फाईल मागून घेतली आणि पहिल्या पानावर लाल पेनाने गोळीचं नाव लिहिलं.

लोलक

गुरुवारनंतर कळवा हो. आम्ही सगळे वाट बघतोय.

डॉ_मुखदुर्बळ

टिपणवही, दादांना शुभेच्छा.

मीही एक कबुली देऊन टाकतो. हा धागा वाचून रविवारी दवाखाना उघडला आणि या गोळ्यांवर असलेले माझे रुग्ण शोधले. चौदा निघाले. नऊ जणांची पीएसए मी पाहिली होती. त्यातल्या दोघांच्याच कागदावर आकडा दुप्पट करून लिहिलेला सापडला. एकाचा १.१ वरून १.८ झालाय आणि शेजारी माझ्याच अक्षरात 'ठीक' लिहिलंय. त्याला फोन केला, सोमवारी येतोय. बाकीच्यांची यादी टेबलावर आहे.